आधी पलटण, मग माणूस : दुसऱ्या अफगाण युद्धातला पूर्वज कसा शोधावा

मंडळी, कोकणात आणि देशावर पुष्कळ घरांत एक वाक्य चालत आलेलं असतं, ‘आमचे पणजोबा काबूलच्या लढाईत होते.’ आज या एका वाक्याची उलटतपासणी करू. त्यात सहसा दोन चुका असतात, आणि त्या आधीच पकडल्या तर पुढची वर्ष-दोन वर्षांची वणवण वाचते.

पहिली चूक ‘पणजोबा’ या शब्दात आहे. दुसरं अफगाण युद्ध १८७८ ते १८८० या काळात झालं. त्यात लढलेला शिपाई साधारण १८४५ ते १८६२ या दरम्यान जन्मलेला असणार. आज तुमचं वय साठच्या आसपास असेल आणि पिढीला अठ्ठावीस-तीस वर्षं धरली, तर हा माणूस तुमचा पणजोबा नव्हे, खापरपणजोबा निघतो. खरोखर पणजोबाच असतील तर १९१४-१८ चं मेसोपोटेमिया किंवा १९१९ चं तिसरं अफगाण युद्ध आधी तपासा. तेव्हा वंशावळ मांडताना नावांपुढे जन्माची अंदाजी सालं टाका. निव्वळ नावांची उतरंड उपयोगाची नाही.

दुसरी चूक ‘काबूल’ या शब्दात. घरच्या बोलण्यात अफगाणिस्तान म्हणजे सरसकट काबूल. प्रत्यक्षात मुंबई लष्कराच्या, म्हणजे मुंबई इलाख्याच्या स्वतंत्र फौजेच्या, पलटणी बहुतांशी दक्षिणेच्या वाटेवर होत्या. मुंबईहून बोटीने कराची, तिथून सिंध, सिबी, बोलन घाट, क्वेट्टा आणि कंदाहार असा तो रस्ता. सिबीपर्यंत रेल्वे पोचली ती १८८० च्या जानेवारीत. म्हणून आजीच्या तोंडी ‘बोलन’, ‘कोटा’ किंवा ‘कंदार’ असं काही आलं असेल तर ते आहे तसं टिपून ठेवा, सुधारून लिहू नका. अपभ्रंश हाच तिथे पुरावा असतो.

आता पदक. घरात ते असेल तर अर्धं काम झालं, फक्त ते घासू नका. देवघरात ठेवलेलं पदक दर दिवाळीला चिंच-राखेने उजळलेलं असतं, आणि झिजते ती नेमकी कड, जिच्यावर सगळी माहिती कोरलेली आहे. अफगाणिस्तान पदक ३६ मिलिमीटर व्यासाचं. एका बाजूला राणी व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला कूच करणारी फौज आणि पाठीवर तोफ लादलेला हत्ती, खाली १८७८-७९-८० ही सालं. फीत हिरवी, दोन्ही कडांना किरमिजी पट्टा. शिपायांना ते चांदीचं मिळालं. भिस्ती, डोलीवाले, सईस अशा लष्करी नोकरांना काशाचं. म्हणून काळपट काशाचं पदक दिसलं की ‘नकली’ म्हणून बाजूला टाकू नका. कदाचित तो माणूस बंदूक न धरता त्याच रणात पाणी वाहत होता.

कड वाचायची तर दिव्याचा झोत समोरून नको, अगदी आडवा हवा. खोली अंधारी करून टॉर्च पदकाच्या पातळीत धरायचा, पदक थोडं थोडं फिरवायचं आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यायचा. अक्षरं फारच पुसट असतील तर पातळ कागद कडेवर गुंडाळून मऊ पेन्सिल हलकेच फिरवा. सहसा चार गोष्टी निघतात : शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. उदाहरणापुरतं धरा, ‘१४२३, शिपाई, रामनाक सोननाक, १ ली मुंबई नेटिव्ह इन्फंट्री’. यात सगळ्यांत मोलाचा नंबर, मग पलटण, आणि सगळ्यांत कमी भरवशाचं नाव. लोक नेमकं उलटं करतात. नाव घेऊन शोधायला निघतात.

पदकाच्या दांडीवर लढाईच्या नावाच्या पट्ट्या (क्लॅस्प) असतात, त्या सहा ठिकाणांच्या : अली मशीद, पैवार कोतल, चारासिया, काबूल, अहमद खेल, कंदाहार. मैवंदची पट्टी काढलीच नाही. २७ जुलै १८८० ला कंदाहारच्या वायव्येला मैवंदच्या मैदानात जनरल बरोज यांच्या सुमारे अडीच हजारांच्या ब्रिगेडचा अफगाण सेनानी अयूब खानाने धुव्वा उडवला. साडेनऊशेहून जास्त माणसं पडली. त्यांत एकट्या १ ल्या मुंबई ग्रेनेडिअर्सचे साडेतीनशेहून अधिक होते. पराभवाची पट्टी कोण देणार? तेव्हा बिनपट्टीचं पदक पाहून ‘आमचा माणूस मागेच राहिला होता’ असा निष्कर्ष काढू नका. उलट बाजूने, इंद्रधनुषी फितीचा काशाचा तारा घरात असेल तर थोडं सावध व्हा. तो काबूल ते कंदाहार या कूचबद्दल दिलेला होता, आणि काबूलहून निघालेल्या जनरल रॉबर्ट्स यांच्या फौजेत मुंबईची पलटण नव्हती. वाटेत कलात-ए-गिलझाईला सामील झालेली २९ वी बलुची पलटण तेवढी मुंबईच्या यादीतली. बाकी तारे पुष्कळदा जुन्या बाजारातून आलेले असतात.

पलटण कळली की तिचा आजचा पत्ता काढायचा. इथे निम्मे लोक अडखळतात, कारण नंबर तीनदा बदलले. १९०३ मध्ये सरसेनापती किचनेर यांनी मुंबईच्या पायदळ पलटणींच्या नंबरात ढोबळमानाने शंभर मिळवले, १९२२ मध्ये बटालियनी एकत्र करून नवी रेजिमेंट्स केली, आणि १९४७ ला वाटणी झाली. मैवंदच्या ब्रिगेडपुरतं बघू. १ ली ग्रेनेडिअर्स झाली १०१ वी, मग ४ थ्या मुंबई ग्रेनेडिअर्सची पहिली बटालियन, आणि स्वातंत्र्यानंतर ती ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये गेली. म्हणजे ग्रेनेडिअर्सच्या केंद्रात जबलपूरला चौकशी करताना हेही सांगावं लागतं. ३० वी, म्हणजे जेकब्स रायफल्स, १३० वी बलुची होऊन शेवटी पाकिस्तानात गेली. तिचा कागद भारतातल्या कुठल्याही केंद्रात मागून मिळणार नाही. सॅपर्सची २ री कंपनी म्हणजे आजचा खडकीचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप. ३ री लाइट कॅव्हलरी पुढे पूना हॉर्समध्ये मिसळली. कंदाहारच्या वेढ्यात होत्या त्यांपैकी १९ वी जाट रेजिमेंटमध्ये गेली, आणि २८ वी पायोनिअर होऊन १९३३ मध्ये मोडली.

पलटणीवरून जात ओळखायला जाऊ नका. त्या काळी मुंबईच्या पायदळात एकाच कंपनीत मराठे, महार, परदेशी (म्हणजे उत्तर हिंदुस्थानी), मुसलमान, बेने इस्राईल (कोकणातले ज्यू) असे सगळे असत. जातवार कंपन्या नंतर, १८९० च्या दशकात आल्या, आणि त्याच सुमाराला महारांची भरतीही बंद झाली. ‘आमच्यातले लष्करात घेतच नव्हते’ असं जे आज ऐकू येतं, ते त्या नंतरच्या काळाचं आहे. महार समाजातले सुधारक गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पेन्शनर हवालदार होते.

आता नाव. यादी लिहिणारा कारकून कानाला येईल तसं इंग्रजीत उतरवी. ‘अ’ साठी यू, ‘ई’ साठी दोन ई, ‘उ’ साठी दोन ओ, ‘क’ साठी बहुधा सी. कदम हवा असेल तर सी-यू-डी-डी-यू-एम असं शोधा. शिंदेच्या शेवटी ई-वाय, पवारमध्ये पी-ओ-डब्ल्यू. आडनाव असेलच असंही नाही. बहुतेकदा स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, बस्स. महार शिपायांच्या नावाअखेर ‘नाक’ येतं, ते एन-ए-सी असं लिहिलेलं असतं. भीमा कोरेगावच्या स्तंभावर ते डोळ्यांनी पाहता येतं. ‘समाजी’, ‘हसाजी’, ‘एलोजी’ दिसलं की मराठा समजून पुढे जाऊ नका, ही बेने इस्राईल घराण्यांतली नावं आहेत. आणि एकाच पलटणीत पाच-सहा ‘रामजी’ सापडणारच. त्यांतला आपला कोणता, हे फक्त नंबर सांगतो.

पदकांच्या याद्या लंडनला आहेत, आणि इथे एक हमखास फसगत होते. क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजची ‘डब्ल्यू.ओ. १००’ ही मालिका इंटरनेटवर चटकन सापडते, पण तिच्यात मुख्यतः गोऱ्या पलटणी आहेत. हिंदी पलटणींसाठी ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांत ‘एल/मिल/५’ ही मालिका बघावी लागते. याद्या पलटणवार असतात, आत हुद्देवार. म्हणून पत्र लिहिताना पलटण, हुद्दा, नंबर, साल या क्रमाने द्या आणि नाव शेवटी, दोन-तीन संभाव्य स्पेलिंगांसह. हिंदी शिपायाची स्वतंत्र सर्व्हिस फाइल मिळेल अशी आशा धरू नका. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात लष्करी खात्याची बाडं आहेत, पण त्यांत साधा शिपाई नावाने येतो तो काही वेगळं घडलं तरच : पेन्शनचा वाद, अर्ज, बक्षीस. इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं असेल तर मात्र हुकमात नावासकट पराक्रम छापलेला असतो. तिथे तासाभरात काम होतं.

गावाकडची बाजू वेगळी. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्या जन्ममृत्यूच्या वहीची नक्कल मागा. जुनी पानं मोडीत असतात, आणि मोडीत ऱ्हस्वदीर्घ नसतं, शब्द तोडलेले नसतात. तेव्हा एकाच वाचकावर विसंबू नका, दोघांकडून वेगवेगळं लिप्यंतर करून घ्या आणि ताडून पाहा. इथे काय शोधायचं? शिपाई नव्हे. कंदाहारला मेलेला माणूस गावच्या मृत्यूनोंदीत येत नाही. येते ती त्याची बायको किंवा मुलगा, ‘अमक्याची बायको’, ‘अमक्याचा मुलगा’ अशी. ती नोंद हाती आली की लष्करी यादीतलं बापाचं नाव आणि गावातलं बापाचं नाव जुळतं का ते पाहता येतं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या गावावरून आणि आडनावावरून लावलेल्या असतात. पेन्शनर यात्रेला गेला असेल तर तिथे भावांची आणि मुलांची नावं एकत्र मिळतात. सांगली-कोल्हापूरकडे वंशावळ सांगणारा हेळवी येत असेल तर त्याच्याकडूनही पिढ्या म्हणवून घ्या, फक्त सालं त्याला विचारू नका.

मैवंदला मेलेल्यांसाठी एक अडचण उरते. ६६ व्या बर्कशायर रेजिमेंटच्या मोहिमेतल्या ३२९ मृतांची नावं इंग्लंडमध्ये रेडिंगच्या बागेतल्या सिंहाखाली कोरली आहेत. त्याच मैदानात, त्याच रांगेत पडलेल्या मुंबईच्या शिपायांचं तसं काही नाही. कुलाब्याचं अफगाण चर्च आधीच्या, १८३८ ते १८४३ च्या मोहिमांचं. तिथला लेख सांगतो की अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर आहेत आणि शिपाई इतके होते की नोंदवता आले नाहीत. म्हणून तिथे भिंतीवर नाव शोधत वेळ घालवू नका. शोध पदकाच्या यादीतल्या शेऱ्याच्या रकान्यात घ्या. नंबर, नाव, आणि पुढे ‘मृत’ असा एखादा शब्द. आणि पदक घरी आलं ते कुणाच्या हाती, हे विचारायला घरातली सगळ्यांत म्हातारी बाई गाठा. पुष्कळदा ते विधवेकडे आलं, तिने मोडून चांदीचे वाळे केले, आणि वाळे अजून कुणाच्या तरी पेटीत आहेत.