वस्तानच्या खाणीतली राळ

(दृश्य: लिग्नाइटची उघडी खाण. काळपट तपकिरी थर, मध्येच चमकणारा पिवळा ठिपका.)

सुरतेच्या ईशान्येला, साधारण 30 किलोमीटरवर, वस्तान. इथली खाण खोदली गेली ती लिग्नाइटसाठी, म्हणजे तपकिरी कोळशासाठी, वीजकेंद्राची भट्टी पेटती ठेवायला. पण या काळ्या थरांत अधूनमधून पिवळे, तांबूस खडे सापडतात. हा अंबर. झाडाची राळ, 5 कोटी वर्षांपूर्वीची.

त्या काळी पृथ्वी आजच्यापेक्षा कितीतरी उबदार होती आणि इथे समुद्रकाठाला दाट, दमट जंगल होतं. झाडाची साल फाटली की जखमेतून राळ पाझरायची. तिच्यावर बसलेली मुंगी किंवा माशी चिकटायची, आणि सुटायच्या आत वरून दुसरा ओघळ यायचा. पुढे जंगल गाळाखाली गाडलं गेलं. झाडांचं लिग्नाइट झालं, आणि राळ त्यातच राहिली, पोटातल्या किड्यांसकट.

ते झाड कोणतं, हेही शोधून काढलंय. राळेचं रसायन आणि तिच्यासोबत सापडलेलं लाकूड, दोन्हींवरून कुळ एकच निघतं: डिप्टेरोकार्पेसी. आपला सालवृक्ष याच कुळातला. पूजेच्या सामानाच्या दुकानात धुपासाठी राळ मिळते ना, ती सालाची. वस्तानचा खडा तिच्याच भाऊबंदांपैकी.

(दृश्य: प्रयोगशाळा. काचेच्या बशीत एक छोटा खडा.)

आता जरा जवळून बघूया. बाल्टिक समुद्राकाठचा अंबर जगभर प्रसिद्ध आहे, पण तो इतका पक्का झालेला असतो की आतला कीटक बाहेरूनच न्याहाळावा लागतो. वस्तानच्या अंबराची गोष्ट निराळी. त्यातल्या रेणूंची वीण अर्धवटच राहिली, त्यामुळे टोल्युइन किंवा क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात तो चक्क विरघळतो. खडा झिजत झिजत नाहीसा होतो आणि मागे उरतो अख्खा कीटक. चपटा ठसा नव्हे, पोकळ साचा नव्हे, तर त्याचं खरंखुरं कवच. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कवचाची बारीकसारीक ठेवणसुद्धा दिसते. 5 कोटी वर्षांपूर्वी मेलेला जीव असा सुटा करून सगळ्या बाजूंनी पाहता येणं, याचं मोल जीवाश्मांवर काम करणाऱ्यालाच कळावं.

डीएनए मात्र यातून मिळत नाही. तो इतका काळ टिकतच नाही. 1990च्या दशकात अंबरातून डीएनए काढल्याचे दावे झाले होते, पण पुन्हा तपासल्यावर ते उभे राहिले नाहीत. आणि खरं सांगायचं तर वस्तानच्या किड्यांना जे सांगायचंय, त्यासाठी डीएनएची गरजही नाही.

(दृश्य: नकाशा. गोंडवनापासून सुटलेला भारत उत्तरेकडे सरकतोय.)

भारताचा भूखंड गोंडवन या दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडापासून सुटला आणि सुमारे 10 कोटी वर्षं सरकत सरकत आशियाला येऊन भिडला. या प्रवासातच दख्खनचा लाव्हा वाहिला. सह्याद्रीचा काळा पाषाण त्यातूनच घडला, आणि वस्तानच्या परिसरातही लिग्नाइटच्या खाली खोलवर तोच पाषाण आहे. एवढा काळ समुद्राने वेढलेल्या भूमीवर जगावेगळे जीव घडले असणार, असाच अंदाज होता. आजच्या मादागास्करकडे पाहिलं तर तो चुकीचा वाटतही नाही.

2010 साली लखनऊची बिरबल साहनी संस्था, जर्मनीतलं बॉन विद्यापीठ आणि न्यूयॉर्कचं अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी इथल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत वस्तान परिसरातल्या अंबराचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे 150 किलो अंबरातून 700हून जास्त कीटक, कोळी आणि त्यांचे सगेसोयरे मिळाले. 14 गण, 55हून अधिक कुळं. मुंग्या, वाळवी, मधमाश्या, म्हणजे वसाहत करून राहणारे कीटकही भरपूर.

आणि त्यांचे नातलग कुठे सापडावेत? काहींचे उत्तर युरोपातल्या, जवळपास त्याच युगातल्या अंबरात. काहींचे आजच्या ऑस्ट्रेलियाच्या बाजूला. काहींचे थेट उष्णकटिबंधीय अमेरिकेत. भूखंड पाण्यात होता, पण एकटा पडलेला नव्हता.

मग हे चिमुकले जीव समुद्र ओलांडून आले कसे? टक्कर होण्याआधी भारत आणि आशिया यांच्यामध्ये ज्वालामुखी बेटांची रांग होती. त्या रांगेचे अवशेष आज लडाख आणि पाकिस्तानातल्या कोहिस्तानच्या खडकांत सापडतात. या बेटांवरून टप्प्याटप्प्याने ये-जा झाली असावी, असं एक मत आहे. ये-जा म्हणजे दोन्ही बाजूंनी, कारण इथूनही बरंच काही बाहेर गेलं. राळ गाळणाऱ्या त्या झाडांचं कुळच घ्या. भारताच्या भूखंडावर बसून ते आशियाच्या दाराशी आलं, तिथे उतरलं आणि पूर्वेकडे पसरत गेलं. आज बोर्निओच्या पावसाळी जंगलात सगळ्यांत उंच उभी असतात ती याच कुळातली झाडं.