वाळूच्या उंबरठ्यावरचं गाव : अ‍ॅस्टोरिया

(दृश्य : पहाटेचं धुकं. रुंद नदीत नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजं. लांबून भुंकण्याचा आवाज.)

हा आवाज कुत्र्यांचा नाही, सी लायन या सीलसारख्या सागरी प्राण्याचा आहे. होड्या बांधायच्या धक्क्यावर हे प्राणी शेकड्यांनी येऊन पसरतात आणि रात्रभर भुंकतात. त्यांना पळवून लावायला 2015 मध्ये बंदराच्या लोकांनी एक खोटा ऑर्का, म्हणजे सी लायनना खाणारा देवमासा, मागवला. बत्तीस फुटी, आत माणूस बसून चालवायचा. तो पाण्यात उतरला आणि थोड्याच वेळात उलटला. सी लायन अजून इथंच आहेत.

गावाचं नाव अ‍ॅस्टोरिया. अमेरिकेच्या ऑरेगन राज्याचं वायव्य टोक. 2020 च्या जनगणनेत वस्ती 10,181, म्हणजे आपल्याकडे जेमतेम नगरपंचायतीच्या हिशेबात बसेल. समोर कोलंबिया नदी. पलीकडचा काठ वॉशिंग्टन राज्याचा, आणि तो सहा किलोमीटर लांब. पश्चिमेला थोडंसं पुढं गेलं की प्रशांत महासागर.

पाऊस वर्षाला साधारण 1,700 मिलिमीटर. मुंबईकराला हा आकडा काहीच वाटणार नाही. पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत उरकतो, इथला ऑक्टोबरपासून मेपर्यंत रेंगाळतो. 1805 च्या हिवाळ्यात अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेली लुईस आणि क्लार्क यांची मोहीम जवळच्या फोर्ट क्लॅट्सपमध्ये 106 दिवस मुक्कामाला होती. त्यातले फक्त बारा दिवस कोरडे गेले.

(दृश्य : नदीमुखाशी फुटणाऱ्या लाटा.)

या गावाचं सगळं नशीब या पाण्यात आहे. एवढी मोठी नदी समुद्राला मिळताना सहसा त्रिभुज प्रदेशात फाटे फुटून, दमून मिळते. कोलंबिया तशी नाही. ती आपला सगळा जोर घेऊन थेट महासागरावर आदळते, आणि दोघांच्या झटापटीत तळाशी वाळू साचत राहते. या वाळूच्या दांड्याला इथं ‘बार’ म्हणतात. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून पश्चिमेची लाट आली, की ती जागच्या जागी उभी राहते. आजवर सुमारे दोन हजार लहानमोठी जहाजं या परिसरात बुडाली. दर्यावर्दी या भागाला प्रशांत महासागराची दफनभूमी म्हणतात. 1906 मध्ये वाळूत रुतलेल्या ‘पीटर आयरडेल’ या शिडाच्या जहाजाचा गंजका सांगाडा आजही जवळच्या किनाऱ्यावर उभा आहे. ओहोटीला मुलं त्याच्या फासळ्यांखालून पळतात.

1792 मध्ये रॉबर्ट ग्रे हा कप्तान हा दांडा ओलांडून आत आला आणि त्यानं आपल्या जहाजाचं नाव नदीला दिलं. नदीला तोवर नाव नव्हतं असं अर्थातच नाही. चिनूक आणि क्लॅट्सप लोक पिढ्यान्‌पिढ्या तिच्या काठी राहत होते. 1811 मध्ये न्यूयॉर्कचा व्यापारी जॉन जेकब अ‍ॅस्टर यानं इथं कातडी-फरच्या व्यापाराचं ठाणं उभारलं. त्याचं जहाज ‘टॉनक्विन’ आत शिरताना वाट शोधायला धाडलेल्या होड्यांमधली आठ माणसं दांड्यानं गिळली. ज्याच्या नावाचं हे गाव, तो अ‍ॅस्टर मात्र आयुष्यात इथं कधी फिरकला नाही.

(दृश्य : नदीत रांगेनं उभे कुजके लाकडी खांब, त्यांवर बसलेले पाणकावळे.)

हे खांब सामन माशांच्या डबाबंद कारखान्यांचे. (आपल्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणतात, त्याचा याच्याशी काही नातेसंबंध नाही.) 1880 च्या दशकात कारखान्यांची भरभराट होती. मासे कापायला चिनी मजूर, एका वेळी दोन हजारांवर. जाळी टाकायला फिनलंडहून आलेले कोळी. आणि जाळी ओढायला घोडे! ओहोटीला नदीत वाळूची बेटं उघडी पडत. मग पोटापर्यंतच्या पाण्यात घोडे उतरत आणि शेकडो फूट लांबीचं जाळं माशांसकट वाळूवर ओढून आणत. भरती चढायच्या आत सगळं आवरायचं. ही पद्धत 1940 च्या दशकापर्यंत चालू होती.

मग नदीवर धरणं आली. ग्रँड कूलीच्या धरणाला, समुद्रातून अंडी घालायला नदीत वर चढणाऱ्या माशांसाठी वाटच ठेवली नव्हती. जूनमध्ये चढणारे, माणसाच्या कमरेएवढे सामन वरच्या पाण्यापर्यंत पोहोचेनासे झाले. शेवटचा मोठा कारखाना 1980 मध्ये बंद पडला.

(दृश्य : टेकडीवरचा उंच स्तंभ. आतला गोल जिना.)

टेकडीवरचा हा स्तंभ 1926 चा. 164 पायऱ्या चढून गेलं की मुलं वरून हलक्या लाकडाची खेळण्यातली विमानं सोडतात. स्तंभाच्या अंगावर गावाचा इतिहास गोलगोल चित्रांत कोरला आहे. ही चित्रमाळ रेल्वे गावात आली तिथं संपते. त्यामुळे आता जी गोष्ट सांगायची आहे, ती या स्तंभावर सापडत नाही.

(दृश्य : गावाचा पूर्व भाग, रिकामा नदीकाठ.)

इथं हॅमंड कंपनीची लाकडाची गिरणी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं पंजाबी मजूर कामाला लागले. बहुतेक शीख, पण अमेरिकेत तेव्हा हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक जण ‘हिंदू’. त्यांच्या वस्तीला गाव ‘हिंदू अ‍ॅली’ म्हणे. उत्तरेला बेलिंगहॅममध्ये 1907 साली गोऱ्या मजुरांनी हिंदी कामगारांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं होतं. अ‍ॅस्टोरियात तसं घडलं नाही. इथं त्यांच्या कुस्त्या गोरे लोक तिकीट काढून बघायचे.

1913 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर इथल्या फिनिश सोशलिस्ट हॉलमध्ये हे मजूर जमले. हॉल त्यांना का मिळाला, हे समजण्यासारखं आहे. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या टाचेखाली होता. पारतंत्र्य म्हणजे काय हे फिन लोकांना वेगळं सांगावं लागत नव्हतं. सभेला क्रांतिकारक लाला हरदयाळ आले होते. सोहनसिंग भकना अध्यक्ष झाले. इंग्रजांना हिंदुस्थानातून घालवायला जी संघटना उभी राहिली, ती जगाला माहीत झाली ती तिच्या वर्तमानपत्राच्या नावानं. 1 नोव्हेंबर 1913 ला सॅन फ्रान्सिस्कोहून त्याचा पहिला अंक निघाला : ‘गदर’, म्हणजे बंड.

आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात गदर म्हटलं की पंजाब येतो, आणि ते योग्यच आहे. पण या किनाऱ्यावर तेव्हा मराठी पोरंही होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगनमध्येच, कॉर्व्हॅलिसच्या शेतकी कॉलेजात शिकले आणि गिरणीतल्या मजुरांमध्ये वावरले. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे इंजिनियरिंग शिकायला सिएटलला आले होते. 1914 मध्ये ते बंड उठवायला मायदेशी परत फिरले. मार्च 1915 मध्ये मेरठच्या छावणीत बाँबसकट पकडले गेले, आणि 16 नोव्हेंबरला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांसोबत फासावर गेले. वय सत्तावीस.

याच गिरणीत भगतसिंग थिंड नावाचा तरुणही राबला होता. पुढं तो अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला, नागरिकत्वासाठी कोर्टात गेला. फेब्रुवारी 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थानं ‘गोरा’ नाही, सबब नागरिकत्व नाही.

तोवर गिरणीही उरली नव्हती. सप्टेंबर 1922 मध्ये ती जळाली, आणि 8 डिसेंबरच्या रात्री गावाचा बाजारच पेटला. रस्ते लाकडी फळ्यांचे, खाली लाकडी खांब आणि त्याखाली नदीची ओहोटी. आग रस्त्यांच्या पोटातून पुढं सरकत गेली. वर उभं राहून पाणी मारणाऱ्यांना ती दिसेना. सकाळपर्यंत इमारतींचे तीसेक ब्लॉक राख झाले होते. रस्ते पुन्हा बांधले ते काँक्रीटचे.

2013 मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा गावानं गदरचा सोहळा केला. पुलाखालच्या स्मारक-उद्यानात फलक लावला. तो फिनिश हॉल आता नाही. हिंदू अ‍ॅलीही नाही.

(दृश्य : 1966 चा लांबलचक हिरवा पूल. त्याखालून येणारं रिकामं मालवाहू जहाज.)

हे जहाज गहू भरायला पोर्टलंडकडे निघालंय. दांडा ओलांडताना याचा ताबा एका खास पायलटकडे असतो. तो भर समुद्रात दोरीच्या शिडीनं जहाजावर चढतो, कधी हेलिकॉप्टरमधून उतरतो. त्याचं काम अ‍ॅस्टोरियाच्या समोर संपतं. पुढची नदी दुसऱ्या पायलटची.

बघा, जहाजानं वेग कमी केला. काठावरून एक छोटी लाँच निघाली. शिडी खाली आली. एक माणूस उतरतोय, दुसरा वर चढतोय. जहाज थांबलेलं नाही.

(दृश्य : लाँच काठाकडे वळते. सी लायनचं भुंकणं. काळोख.)