कुलूप ॲपला आहे, ग्रुपला नाही

श्रोतेहो, नमस्कार.

गोसीखुर्द धरणाच्या 33 दारांपैकी किती उघडली, ही खबर वैनगंगेकाठच्या गावांत आता आधी मोबाइलवर येते. तहसीलदार, तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल, आशाताई, 108 च्या गाडीवरचे डॉक्टर, बोट चालवणारे आपदा मित्र, सगळे एकाच ग्रुपवर. त्यानं कामं पटापट होतात, हे कबूल. पण त्याच ग्रुपवर पाण्यातून काढलेल्या माणसाचा फोटो पडतो, अडलेल्या बाळंतिणीचं नाव-गाव पडतं, आणि तासाभरात पानठेल्यावर लोक ते एकमेकांना दाखवत असतात.

'व्हॉट्सॲप सुरक्षित आहे ना?' असं लगेच विचारलं जातं. आहे. 2016 पासून त्यातला मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधे कंपनीलाही वाचता येत नाही. सिग्नल ॲपचंही तसंच. पण हे कुलूप वाटेपुरतं. ग्रुपवर शे-दीडशे माणसं, त्यात बदली होऊन गेलेले दोघं-तिघं आणि कुणाचा तरी मेहुणा असेल, तर फॉरवर्ड करणाऱ्या बोटाला कोण अडवणार?

म्हणून ग्रुप दोन करा. गावासाठी एक, त्यात फक्त ॲडमिननं लिहायचं: पाणी किती चढलं, कोणता रस्ता बंद. दुसरा कामाचा, त्यात ड्युटीवरचेच लोक. रुग्णाची माहिती तर त्या दुसऱ्या ग्रुपवरही नको. ती थेट डॉक्टरांना पाठवा.

फोटोंची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. ग्रुपवर आलेला फोटो आपोआप गॅलरीत उतरतो, आणि घरातलं पोरगं त्याच फोनवर गेम खेळत असतं. ते उतरणं सेटिंगमधून बंद करता येतं. संदेश 24 तासांत, 7 किंवा 90 दिवसांत आपोआप पुसले जातील, अशीही सोय आहे. पण पडलेल्या घराचे, वाहून गेलेल्या धानाचे फोटो असे पुसले गेले, तर पंचनाम्याला काय जोडणार? ते आधी तहसीलच्या संगणकावर उतरवा, मग पुसू द्या. आणि असे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ते बारीक होऊन धूसर होत नाहीत. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर ठिकाणाची नोंदही फोटोसोबत जाते. पंचनाम्याला ती कामाची. पण पीडित बाईच्या घराचा फोटो असला, तर तिचा पत्ताच जगजाहीर.

आता भामरागडकडची अडचण. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की तिकडचा रस्ता तुटतो, आणि रेंजही कधी जाते, कधी येते. 'पुलावर पाणी आलं, गाडी आणू नका' हा दुपारचा निरोप रात्री पोचला, तर वाचणाऱ्याला तो आत्ताचाच वाटतो. तेव्हा निरोपातच वेळ आणि जागा लिहा. एकच टिक दिसत असेल तर निरोप समोरच्याच्या फोनवर पोचलेला नाही असं धरा आणि साधा एसएमएस किंवा फोन करून पाहा. पोलिसांचा वायरलेस अशा वेळी अजूनही उपयोगी पडतो. त्याला जुनाट म्हणून हसू नये.

बदल्यांचे आदेश निघाले की पहिल्या पावसाआधीच यादी तपासा. गेलेल्यांना काढा, नव्यांना घ्या. आणि ॲडमिन किमान दोन ठेवा, एक नदीच्या अलीकडचा, एक पलीकडचा.