ओळख बघू, मी कोण?

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात मंडळाच्या वाचनवर्गात आठ वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "आजी मला विसरली. वेणी अजून तीच घालते माझी, पण नाव विचारते. मग मी आता तिची कोण?" आजचा विषय विज्ञान कादंबरीतला स्मृतिलोप आहे. पण तो प्रश्न बाजूला ठेवून बोलता येत नाही.

आपण सगळे दुष्यंताच्या अंगठीवर वाढलो. अंगठी दिसली की सगळं आठवतं. सिनेमात तिच्या जागी डोक्यावरचा दुसरा फटका आला. कितीतरी विज्ञान कादंबऱ्यांतही नायक अनोळखी खोलीत जागा होतो, स्वतःचं नाव आठवत नाही, आणि शेवटच्या प्रकरणात सगळं जसंच्या तसं परत येतं. मेंदूला इजा झाली की बहुधा याच्या उलट घडतं. नाव आणि बालपण टिकतं, नवं काही साठत नाही, आणि जुन्यातलंही अगदी अलीकडचं आधी जातं. दुसऱ्या फटक्याने फक्त इजा वाढते.

१९५३ साली हेन्री मोलायसन या २७ वर्षांच्या तरुणावर फिट्स थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली. मेंदूत नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा दोन्ही बाजूंचा मोठा भाग काढला गेला, आणि त्यानंतर भेटलेली माणसं त्याच्या लक्षात राहीनात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला एक चांदणी दिली, दुहेरी रेघांची. हाताकडे थेट बघायचं नाही, आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. आरशात दिशा उलटते, त्यामुळे कोपऱ्यावर हात हमखास बाहेर जातो. तीन दिवस हे चाललं. हे काम आधी केल्याचं त्याला आठवत नव्हतं, तरी चुका कमी होत गेल्या. हात शिकला होता.

डॅनियल कीज यांच्या १९६६ च्या 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन'मध्ये हे फार हळुवारपणे आलं आहे. चार्लीची बुद्धी शस्त्रक्रियेने वाढते आणि पुन्हा ओसरते. लेखक ते सांगत बसत नाही, चार्लीने स्वतः लिहिलेल्या नोंदींच्या शुद्धलेखनातून दाखवतो: आधी चुका, मग स्वल्पविरामांचा सुकाळ, मग घोटीव वाक्यं, आणि शेवटी पुन्हा त्याच चुका. शिकलेल्या भाषा जातात, आणि एके रात्री तो सवयीने जुन्या वर्गात, आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसतो. आपण तो वर्ग केव्हाच सोडला, हे त्याच्या ध्यानातच नसतं. तरी अखेरच्या ओळींत त्याला अल्जर्ननच्या, म्हणजे प्रयोगातल्या उंदराच्या, थडग्यावर फुलं ठेवायची आठवण आहे. हा चार्ली कुठला, आधीचा की मधला? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या १६९४ मधल्या मांडणीप्रमाणे, आठवण पोचते तिथवरच माणूस तोच. हा हिशेब मला पटत नाही. वर्गातल्या त्या जागेवर जे बसलंय, ते चार्लीच आहे.

आणि आपण घरी काय करतो? विसरणाऱ्या माणसासमोर उभं राहून "ओळख बघू, मी कोण?" म्हणून परीक्षा घेतो. चार लोकांत, हसत हसत. कृपा करून हे थांबवू या. आधी आपलं नाव आणि नातं सांगावं, एका वेळी एकच गोष्ट बोलावी, आणि हातांना जमतं ते काम हातांकडेच राहू द्यावं. वेणी त्या आजीलाच घालू द्यावी.

योको ओगावा यांच्या १९९४ च्या जपानी कादंबरीत एका बेटावरून एकेक वस्तू नाहीशी होते. गुलाब जातात तेव्हा लोक स्वतःच पाकळ्या नदीत सोडतात, आणि थोड्याच दिवसांत गुलाब म्हणजे काय हेही कुणाला उमगत नाही. ज्यांना विसरता येत नाही, त्यांना लपून राहावं लागतं.

माझी काळजी तिथेच अडकली आहे. विसरणाऱ्याच्या मनातून लिहिलेल्या कादंबऱ्या पुष्कळ सापडतात. जिला विसरलं गेलं, तिच्या बाजूने बोलणारी, आठ वर्षांच्या मुलीच्या हाती देता येईल अशी मला अजून मिळालेली नाही. ते हात वेणी बिनचूक घालतात. कुणाची घालतायत, असं ती पुढच्या वर्गात विचारेल.