मातीतून सूत, सुतातून पोलाद

(दृश्य : नागपूर मेट्रो, अ‍ॅक्वा लाइन. दारावरच्या पट्टीत 'कॉटन मार्केट'. बाहेर भाजीबाजाराची गर्दी.)

नागपूर रेल्वे स्टेशन सोडलं की मेट्रोचं पुढचं स्टेशन कॉटन मार्केट. इथे उतरणाऱ्यांच्या हातात भाजीच्या पिशव्या असतात, पाठीवर कॉलेजच्या सॅक असतात. कापूस कुणाकडेच दिसत नाही. पण नावातला कापूस खरा आहे. यंत्र विकत आणायचं, ते उघडून समजून घ्यायचं, आपल्या हवेला आणि आपल्या मालाला सोसेल असं करायचं, आणि त्यातून आलेला पैसा पुढच्या मोठ्या कामात घालायचा, हा धडा आपल्या देशाने ज्या थोड्या जागी गिरवला, त्यांतली एक, एम्प्रेस मिलची, इथून हाकेच्या अंतरावर आहे.

(दृश्य : नागपूर जिल्ह्यातलं एक जिनिंग. कापसाच्या गंजी, ट्रॅक्टर-ट्रॉल्या. मग शेडच्या आत, रेच्याचा क्लोजअप.)

आधी कापूस बघू. दिवाळी उलटली की जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या आवारात पांढऱ्या गंजी लागतात. शेतातून येतो तो सरकीसकट कापूस. शंभर किलो कापसातून रुई निघते साधारण तेहतीस ते पस्तीस किलो, बाकीची जवळपास सगळी सरकी. सरकीचं तेल निघतं, ढेप गुरांना जाते.

हा डबल रोलर रेचा, रुई आणि सरकी वेगळी करणारं यंत्र. चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेले दोन रोलर. प्रत्येक रोलरला घट्ट टेकलेली एक स्थिर सुरी. रोलर तंतू पकडतो आणि सुरीखालून ओढून नेतो. सरकी जाडी, ती धारेपाशी अडते. मधला बीटर तिला सारखा झटके देतो. तंतू सुटला की सरकी खाली पडते आणि रुई पुढे सरकते. बघा, कशी सलग चादर उतरते आहे. पुढे प्रेसमध्ये तिची १७० किलोची गाठ बांधली जाते. म्हणजे एका गाठीमागे पाच क्विंटल कापूस, आणि तो बोंड-बोंड करून हाताने वेचलेला.

या चामड्यात क्रोमियम असतं. रोलर सुरीवर घासत राहतो, त्याची बारीक पूड हवेत उडते आणि रुईतही मिसळते. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यावर रबर चढवलेल्या सुती कापडाचा, बिनक्रोमचा रोलर तयार केला. तिचं जिनिंगचं प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. नागपुरात बनलेले रेचे आज आफ्रिकेतल्या देशांत जातात. बातम्यांत याला जागा मिळत नाही. आमच्या मते मिळायला हवी.

(दृश्य : नागपूर रेल्वे स्टेशनची दगडी इमारत. मालगाडी. फलाटावरची वर्दळ.)

रेल्वे नागपूरला पोहोचली १८६७ साली. समोर दिसते ती इमारत पुढची, १९२५ची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ इकडे यायचं मोठं कारण कापूस. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना. मग वऱ्हाड, वर्धा, हिंगणघाट ही नावं मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी आली. गाडी इथून रुई नेई आणि तिकडचं कापड आणून इथल्याच बाजारात उतरवी. आपलाच कापूस, कापड मात्र त्यांचं. रुळांचा उपयोग कुणासाठी झाला, याचं सुरुवातीचं उत्तर एवढंच आहे.

पण रूळ एकदा पडले की त्यांवरून दुसरंही काही आणता येतं. जमशेटजी टाटांनी ते ओळखलं. मुंबईत गिरणी काढायची लाट होती तेव्हा त्यांनी नागपूर निवडलं. कापूस शेजारी, रेल्वे दाराशी, आणि वरोऱ्याला कोळशाची खाण. १८७४ साली कंपनी स्थापन झाली : सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग.

(दृश्य : गांधीसागर तलाव, काठावरची झाडं. मग एम्प्रेस मॉलचा दर्शनी भाग.)

जागा घेतली ती जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळ. दलदलीची जमीन. भराव घालता घालता पैसा चालला. शहरातल्या एका सावकाराने कर्ज नाकारलं, म्हणाला, हा माणूस सोनं मातीत घालतोय. पुढे त्यानेच कबूल केलं, की घातली माती आणि काढलं सोनं. अशी आठवण सांगितली जाते.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. सुमारे तीस हजार चात्या, म्हणजे सूत कातणारे फिरते दांडे, आणि ४५० माग. व्यवस्थापक नेमले बेझनजी दादाभाई मेहता. ते आले होते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून. कापडधंद्याची त्यांना काहीच माहिती नव्हती. सोबतीला लँकेशायरचे तंत्रज्ञ जेम्स ब्रुक्सबी.

(दृश्य : सध्या चालू असलेली एक सूतगिरणी. रिंग खातं. शेकडो बॉबिन फिरताहेत. कॅमेरा एका चातीवर थांबतो.)

इथे थोडं थांबायला हवं, कारण गोष्टीचा गाभा या चातीत आहे.

त्या काळी चांगलं सूत निघे ते म्यूल नावाच्या यंत्रावर. त्याचा गाडा पुढे येतो तेव्हा धागा ओढला जातो आणि त्याला पीळ बसतो. गाडा मागे जातो तेव्हा तो धागा चातीवर गुंडाळला जातो. पीळ आणि गुंडाळणी आलटून पालटून, म्हणजे गुंडाळणी चालू असते तेवढा वेळ कातणं थांबलेलं. शिवाय म्यूल चालवणारा कारागीर तयार व्हायला वर्षं लागतात. लँकेशायरकडे असे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या होते. नागपूरकडे एकही नव्हता.

रिंग फ्रेममध्ये गाडाच नाही. चातीभोवती पोलादी कडं. त्या कड्यावर अडकवलेली ही इवलीशी वाकवलेली तार, हिला ट्रॅव्हलर म्हणतात. नखावर मावेल एवढी. धागा तिच्यातून ओवून बॉबिनवर जातो. चाती फिरते तशी ती कड्यावरून धावते आणि धाग्याला पीळ बसतो. पण ती चातीच्या किंचित मागे पडते, आणि जेवढी मागे पडते तेवढा धागा गुंडाळला जातो. दोन्ही कामं एकाच वेळी, न थांबता. आज या चात्या मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेतात.

ही युक्ती अमेरिकेतली, १८२८ सालची. लँकेशायरला तिची फारशी ओढ वाटली नाही; त्यांचा म्यूलवर आणि आपल्या कारागिरांवर भरवसा होता. ब्रुक्सबींनी विलायतेहून दोन रिंग फ्रेम आणल्या. १८८३च्या सुमारास एम्प्रेसमध्ये त्यांची चाचणी झाली. बेझनजींनी त्या नुसत्या चालवून पाहिल्या नाहीत. सुट्या केल्या, बदल केले, वेग वाढवत नेला. जुन्या चात्यांच्या तुलनेत सूत किती निघतं ते मोजलं. आकडे हाती आल्यावर जमशेटजींनी जुनी यंत्रं काढून रिंग बसवायला घेतल्या. इंग्लंडमधल्या बड्या गिरण्या म्यूल धरून बसलेल्या असताना नागपूरच्या दलदलीवर उभी राहिलेली गिरणी पुढे गेली. पुढे जपाननेही रिंगच स्वीकारली, आणि तिथल्या गिरण्यांत हिंदुस्थानी कापूस मोठ्या प्रमाणात सुतात गेला.

(दृश्य : मे महिन्यातलं नागपूर. ओस पडलेला रस्ता, डोक्याला दुपट्टा बांधलेली माणसं. मग सूतगिरणीच्या छताखालचे पाण्याचे फवारे.)

आता नागपूरचं ऊन. लँकेशायरची हवा मुळातच दमट, तिथे धाग्याला ओल आयती मिळते. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. हवा कोरडी पडली की कापसाचे तंतू ठिसूळ होतात, एकमेकांना दूर लोटतात, आणि धागा घडी घडी तुटतो. तुटलेला प्रत्येक धागा सायडरला, म्हणजे यंत्रावरच्या कामगाराला, हाताने जोडावा लागतो. तेवढा वेळ ती चाती फुकट फिरते. म्हणून एम्प्रेसमध्ये हवा ओलसर ठेवणारी यंत्रणा बसवली गेली, आणि आग लागलीच तर आपोआप पाणी सोडणारे फवारेही. हिंदुस्थानातल्या गिरण्यांत ही सोय फार लवकर आली ती नागपुरात. विलायती यंत्राबरोबर आलेल्या कोणत्याही पुस्तिकेत नागपूरचा उन्हाळा छापलेला नव्हता. तो इथल्या माणसांनी यंत्राला समजावून दिला.

कामगारांचंही तसंच. गैरहजेरी मोठी होती. दंड करण्याऐवजी बक्षिसं सुरू केली. १८८६ साली पेन्शन फंड, १८९५ साली अपघाताची भरपाई. सरकारी कायदा यायच्या कितीतरी आधी. पदवी घेतलेल्या तरुणांना उमेदवार म्हणून खात्याखात्यांत काम शिकवलं जाई. यंत्र सुधारणं आणि माणूस टिकवणं हे त्या गिरणीत एकाच हिशेबात धरलं होतं, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

(दृश्य : सिव्हिल लाइन्स. अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. व्हरांडा, दगडी मूर्ती, खनिजांची कपाटं.)

सुताच्या धंद्यात जम बसला, पण जमशेटजींच्या डोक्यात लोखंड होतं. १८८२ साली त्यांच्या वाचनात एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला : चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाविषयी. आपल्या चंद्रपूरच्या लोहाऱ्याचा डोंगर. पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही आणि सरकारच्या अटीही जाचक होत्या. वीस वर्षं गेली. १९०३च्या सुमारास त्यांचे चिरंजीव दोराबजी टाटा नागपुरात आले ते चांद्याचा नाद सोडतो आहोत, एवढं सरकारला कळवायला. ज्या अधिकाऱ्याला भेटायचं ते जागेवर नव्हते. वेळ काढायला दोराबजी रस्ता ओलांडून या संग्रहालयात शिरले.

आत मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा टांगलेला होता. रायपूरच्या अलीकडे, दुर्गच्या बाजूला एक भाग गडद रंगाने रंगवलेला. गडद म्हणजे लोखंड.

तो भाग पायी फिरून नोंदवला होता भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या एका बंगाली तज्ज्ञाने, प्रमथनाथ बोस यांनी. हे खातं १८५१ साली इंग्रजांनी काढलं ते मुख्यतः कोळसा शोधायला. साम्राज्याच्या सोयीसाठी आखलेला नकाशा, एका भारतीयाने भरलेला, नागपूरच्या भिंतीवर टांगलेला. आणि तो वाचणारा माणूस समोर उभा राहिला. तज्ज्ञांची तुकडी डल्ली-राजहराच्या डोंगरांवर गेली. लोखंड उत्तम, पण जवळ योग्य कोळसा आणि पुरेसं पाणी नाही. १९०४ साली त्याच बोस यांनी पत्र लिहून ओडिशातल्या मयूरभंजच्या लोखंडाचा पत्ता दिला. त्याच वर्षी जमशेटजी गेले. १९०७ साली कंपनी झाली, १९१२ साली साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पहिलं पोलाद ओतलं गेलं. आणि अजब बंगल्यातल्या नकाशावरचं ते डल्ली-राजहरा? स्वातंत्र्यानंतर सोव्हिएत मदतीने भिलाईचा कारखाना उभा राहिला, १९५९ साली त्याची भट्टी पेटली, ती याच डोंगरांच्या लोखंडावर. देशभर लागणाऱ्या रेल्वेरुळांतले बरेचसे तिथे तयार होतात.

(दृश्य : मॉलचा सरकता जिना. खिडकीतले तयार कपडे. मग सीताबर्डीचा चौक, वर मेट्रो.)

एम्प्रेस मिल १९८६ साली राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. हजारो घरांचा भोंगा थांबला. त्या जागेवर आज मॉल आहे.

(दृश्य : कपाशीचं शेत. बोंड उकलून आतली गुलाबी अळी. मग केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची प्रयोगशाळा.)

त्याच २००२ साली देशात बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली. बोंडअळी आटोक्यात आली, उत्पादन वाढलं. पण आपल्याकडे हे तंत्र संकरित वाणांतून आलं, त्यामुळे बियाणं दरवर्षी विकत घ्यायचं आणि आत काय आहे ते पाकिटावर वाचायचं. पुढे गुलाबी अळी त्याला जुमानेनाशी झाली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत १९७६ पासून वाणांवर काम चालू आहे. कमी कालावधीचे, दाट पेरता येणारे सरळ वाण, म्हणजे ज्यांचं बियाणं घरचं राखून पुन्हा पेरता येतं असे वाण, त्यात आहेत. रिंग फ्रेम उघडून बघता आली होती. बियाण्याचं तसं करायला आपलीच संस्था, आपलंच शेत आणि आपलाच पैसा लागतो.

(दृश्य : रिंग खातं. एक मुलगी तुटलेला धागा जोडते आहे. हातांचा क्लोजअप.)

सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या कार्यक्रमात अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ इथल्या मोठ्या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. विदर्भाचा कापूस विदर्भातच कातला, विणला, शिवला जावा, ही मागणी फार जुनी. ती पुरी होत असेल तर आनंदच आहे. यंत्रं येतील, बहुतेक बाहेरून येतील, त्यात वावगं काही नाही. रिंग फ्रेमही बाहेरूनच आली होती.

आमचं म्हणणं एवढंच, की त्या पार्कमध्ये एक शेड शिकणाऱ्यांसाठी राखून ठेवावी. जुनी का होईना, तिथे एक रिंग फ्रेम असावी, एक डबल रोलर रेचा असावा. आयटीआयच्या पोरापोरींनी ती यंत्रं सुटी करून पुन्हा जोडावीत, मे महिन्यात चालवावीत, धागा कितीदा तुटला ते वहीत लिहावं आणि का तुटला ते स्वतः शोधावं. शिकवायला जिनिंगचं केंद्र नागपुरात आहे, कापसाची संस्था नागपुरात आहे, गिरण्यांत उमेदवारी केलेली माणसं अजून इथे आहेत. ती थकायच्या आत हे व्हायला हवं, म्हणून ही मागणी आत्ताच नोंदवतो आहोत.