उललेल्या रानाची मराठी

(ग्रंथालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

अध्यक्षमहाराज आणि श्रोतेहो,

गेल्या काही दशकांतील संगीत, चित्रपट आणि कादंबरी यांविषयी मी माझी वैयक्तिक मते मांडावीत, असे संयोजकांनी सुचवले, तेव्हा मी त्यांच्याकडे एकच सवलत मागितली. साऱ्या दशकांवरून धावत जाण्याऐवजी मला एका वर्षापाशी आणि एका घरापाशी थांबू द्यावे. ते वर्ष १९५५ आणि ते घर माणदेशातल्या, म्हणजे सातारा-सांगली-सोलापूरकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या, माडगूळचे. त्या वर्षी १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले आणि त्याच वर्षी त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी पुस्तकरूपाने वाचकांच्या हाती आली.

या दोन कृती आपण एकत्र ठेवत नाही. थोरल्या भावाची मराठी संस्कृताच्या वळणाची, गेय, श्रद्धावंतांची मानली जाते. धाकट्याची मराठी कोरडी, उघडीवाघडी, नवकथेच्या घडणीतली. मीसुद्धा महाविद्यालयात असताना धाकट्याच्या बाजूचा होतो. गीतरामायण ही आईवडिलांच्या पिढीने जपायची गोष्ट आहे, असे मला मनापासून वाटे. हे मत बदलले ते समीक्षेचे एखादे पुस्तक वाचून नव्हे, तर एका शब्दामुळे.

माझी आजी त्याच माणदेशातल्या सांगोल्याकडची. उन्हाळ्यात कोरडवाहू जमिनीला पायाचा अंगठा जाईल एवढ्या भेगा पडत, तेव्हा ती म्हणे, ‘रान उललंय.’ अनवाणी चालून टाचा फुटल्या की त्याही उलत. हा शब्द आमच्या शाळेच्या पुस्तकात कधी आला नाही आणि तो केवळ घरातला, बोलीतला शब्द आहे अशीच माझी समजूत होती. पुढे एकदा गीतरामायणातले कौसल्येचे गीत मी प्रथमच कान देऊन ऐकले. मूल नसलेली राणी वेलीवरची फुले पाहते आणि आपले काळीज उगाच का ‘उले’, असे स्वतःलाच विचारते. अयोध्येच्या राणीच्या तोंडी माणदेशातल्या शेतकरणीचा शब्द! ‘तुटणे’ किंवा ‘विदीर्ण होणे’ हे शब्द कवीला उपलब्ध होतेच. पण उलणे म्हणजे एका घावाने फुटणे नव्हे, पाण्यावाचून दिवसेंदिवस सुकत जाऊन आतून तडकणे. वांझपणाचा टोमणा वर्षानुवर्षे सोसलेल्या बाईच्या दुःखाला याहून नेमका शब्द मराठीत असेल, असे मला वाटत नाही. त्या दिवसापासून मी गीतरामायण वेगळ्या कानाने ऐकू लागलो.

या रचनेतल्या बहुतेक गीतांना कोणी एक बोलणारा आणि कोणी एक ऐकणारा आहे. भरत कैकेयीशी बोलतो, सीता रामाशी बोलते, नावाडी नावेशी बोलतात. ‘पराधीन आहे जगती’ हे आपण तत्त्वज्ञानाचे गीत म्हणून ऐकतो. पण चित्रकूटावर रडणाऱ्या धाकट्या भावाला थोरला भाऊ समजावतो आहे, हा प्रसंग काढून घेतला तर त्यात सुभाषितेच उरतील. त्यातले सागरात क्षणभर भेटणाऱ्या दोन ओंडक्यांचे कडवे मूळ वाल्मीकींचे. तिथे ‘काष्ठ’ आहे, इथे ‘ओंडका’ आहे. काष्ठ पोथीत असते. ओंडका ओढ्याच्या पुरात वाहत येतो आणि काठावरची माणसे तो गळ टाकून ओढून घेतात. एवढ्या एका फरकाने वाल्मीकींचा राम आपल्या गावचा होतो. या गीताला दहा कडवी आहेत आणि रामनवमीच्या कार्यक्रमांत त्यांतली तीन किंवा चार म्हटली जातात, याचे मला फार वाईट वाटते. समजूत काढायला वेळ लागतो. भरत काही तिसऱ्या कडव्याला अयोध्येकडे परत फिरत नाही.

फडके यांच्या चालींविषयी थोडे. आकाशवाणीवर पात्रांनुसार निरनिराळे गायक होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर यांचे आवाज त्यात होते. पुढे सर्व छप्पन्न गीते फडके यांनी एकट्याने गायली. अनेक जाणकारांना मूळचा अनेक आवाजांचा अवतार श्रेष्ठ वाटतो. मला मात्र एकट्याचेच गायन अधिक पटते. आपल्याकडे कीर्तनकार एका उपरण्यावर राजा होतो, राणी होतो, दूत होतो आणि श्रोत्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. गीतरामायणाची चौकटसुद्धा तीच आहे. दोन मुले रामासमोर रामाचीच कथा गातात. म्हणून एकाच आवाजाने सगळ्यांची दुःखे सांगावीत, हे मला त्या चौकटीला धरून वाटते. शब्दाच्या पोटात जागा असेल तिथेच फडके थांबतात आणि म्हणून एकही अक्षर वाद्यांखाली दबत नाही.

सगळी छप्पन्न गीते सारख्या तोलाची आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. दर आठवड्याला एक नवे गीत द्यायचे आणि वर्षभरात कथा पुरी करायची, हे बंधन कवीवर होते. जिथे कथा पुढे ढकलावी लागते, विशेषतः युद्धाच्या भागात, तिथे गीताचे वृत्तान्तात रूपांतर होते. बोलणारा माणूस हरवला की माडगूळकरांची कविताही थोडी सैल पडते.

आता धाकट्या भावाकडे येतो. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या लहानशा वाडीत शाळा चालवायला जातो आणि शेवटी दुष्काळाने वाडी उठते, एवढीच ‘बनगरवाडी’ची कथा. तिच्यातला एक प्रसंग मी आजवर किती वेळा वाचला असेल, सांगता येणार नाही. शेकूकडे एकच बैल आहे, दुसरा कोणी देत नाही, वाफसा, म्हणजे रानात कामापुरती ओल असण्याची वेळ, निघून चालला आहे. तेव्हा त्याची बायको जोखडाची दुसरी बाजू आपल्या खांद्यावर घेते. एखाद्या दुबळ्या लेखकाने इथे आकाशाला साक्षीला बोलावले असते. व्यंकटेश माडगूळकर आपला गहिवर मध्ये आणत नाहीत. बाई बैलाच्या जोडीला उभी राहते, नांगर चालतो. वाचकाच्या घशात जे दाटते, ते त्याचे त्याला दाटते.

याला पुष्कळ जण अलिप्तपणा म्हणतात. मला तो शब्द चुकीचा वाटतो. अलिप्त माणसाला मेंढरांचा वास, घोंगडीची ऊब, कारभाऱ्याच्या बोलण्यातला आब इतका बारीक दिसत नाही. ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांना आपल्या दयेची गरज नाही, हे ओळखून लेखक बाजूला उभा राहिला आहे. थोरला भाऊ दुःख बोलके करतो, धाकटा ते मुक्याने दाखवतो. पण दोघांच्याही पायाखाली तेच उललेले रान आहे.

चित्रपटाचा धागाही याच रानातून निघतो. औंधच्या राजांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत वसवली होती. शिक्षा झालेली माणसे तिथे भिंतीशिवाय राहत आणि शेती करत. तिच्यावरून थोरल्या माडगूळकरांनी कथा लिहिली आणि तिच्यातून व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली उभा राहिला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. मला त्याचा पूर्वार्ध आजही थक्क करतो. सहा खुनी माणसे ओसाड माळावर उभी आहेत, पळून जायला कोणाची आडकाठी नाही, आणि तरीही जेलरची नजर त्यांना सोडत नाही; ती नजर शांताराम यांनी पडद्यावर खरोखर दिसेल अशी केली. खेळणी विकणारी बाई येते आणि चित्रपट नाचगाण्यांत शिरतो, तिथून मात्र माळावरची ती शांतता भंगते. वसंत देसाई यांच्या संगीताविषयी माझी तक्रार नाही. ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ ही प्रार्थना आजही शाळांमधून म्हटली जाते. पण ज्या कथेला माळ पुरेसा होता, तिच्यावर दिग्दर्शकाने शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही, असे मला वाटते.

‘बनगरवाडी’वर अमोल पालेकर यांनी १९९५ साली चित्रपट केला आणि त्याची पटकथा खुद्द व्यंकटेश माडगूळकरांचीच होती. तो प्रामाणिक चित्रपट आहे. मेंढरे, धूळ, दगडी घरे सगळे खरे आहे. तरी पुस्तकात मास्तर आपल्या भित्र्या, हळव्या वयातून पाहतो, ते पाहणे कॅमेऱ्याला साधत नाही. वाडी दिसते, पण ती पाहणारा पोर दुरावतो. म्हणून तरुण श्रोत्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आधी पुस्तक वाचावे.

माझी आजी १९५५ साली ऐन तिशीत होती. रेडिओ वाड्याच्या मालकांकडे असे आणि गीतरामायणाच्या वेळी ती त्यांच्या ओसरीवर जाऊन बसे, असे वडील सांगत. तिला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे ‘बनगरवाडी’ तिच्यापर्यंत पोहोचली नाही. मी ती तिला तिच्या शेवटच्या वर्षी वाचून दाखवली, रोज चार पाने. शेकूच्या बायकोच्या प्रसंगाला तिने मला हाताने थांबवले, खिडकीबाहेर पाहत राहिली आणि काही वेळाने विचारले, ‘मग पेरणी झाली का तिची?’

व्यासपीठावर ध्वनिमुद्रिका लावण्याची सोय संयोजकांनी केली आहे. कौसल्येचे ते गीत आपण आता सगळ्या कडव्यांसह ऐकू.