विमान न दिसणारं विमानाचं चित्र

नमस्कार मंडळी. विमानाचं चित्र म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, ढग, कलतं ऊन आणि त्यात तिरपं वळलेलं बॉम्बर, मॉडेल किटच्या खोक्यावर असायचं ना अगदी तसंच, मला तर आतल्या प्लास्टिकपेक्षा ते खोकंच जास्त आवडायचं. पण आज ज्या चित्राबद्दल बोलणारे त्यात विमान बाहेरून दिसतच नाही.

चित्राचं नाव 'टेक ऑफ', साल १९४३, चित्रकार लॉरा नाइट. बाई तेव्हा पासष्टीच्या, नाव मोठं, घरी बसून फुलं रंगवली असती तरी कोणी काही म्हटलं नसतं, पण त्या गेल्या इंग्लंडमधल्या मिल्डनहॉलच्या हवाई तळावर, तिथेच राहिल्या आणि स्टर्लिंग बॉम्बरचा क्रू आतमधे कसा काम करतो ते बघून बघून चित्र काढलं. त्यामुळे बघताना आपणही आतच उभे असतो, पुढे पायलट, अलीकडे नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाला वाट दाखवणारा, आपल्या कामात, आणि सगळीकडे नुसती यंत्रांची दाटी.

आता हे स्टर्लिंग म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश हवाई दलाचं पहिलं चार इंजिनांचं जड बॉम्बर. पाय इतके उंच की कॉकपिट जमिनीपासून जवळजवळ दोन मजले वर, आणि १९३९च्या मे महिन्यात पहिल्याच उड्डाणानंतर उतरताना ते पायच मोडले! जमिनीवर एवढं उंच, पण आकाशात मात्र बुटकं, म्हणजे बॉम्ब भरले की साधारण सतरा हजार फुटांच्या वर जायला नाखूष, लँकेस्टर हे दुसरं ब्रिटिश बॉम्बर त्याच्या बरंच वरून उडायचं. खालच्यांना तोफांचा मार जास्त, वर आपल्याच विमानांचे बॉम्ब डोक्यावर पडायची भीती. शेवटी १९४३च्या नोव्हेंबरात जर्मनीवरच्या मोहिमांमधून त्याला काढलंच, मग ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, ओढायचं काम दिलं.

दोन हजारांवर स्टर्लिंग बनली होती, आज अख्खं असं एकही उरलेलं नाही, युद्ध संपल्यावर बहुतेक सगळी भंगारात गेली.

आणि चित्रातला तो नॅव्हिगेटर, तो पुढे युद्धात मारला गेला. हे कळल्यावर लॉराबाईंनी चित्राचा एक फोटो त्याच्या घरच्यांना मिळेल अशी व्यवस्था केली.